गटार-पाण्याचं रडगाणं

‘प्रशासक होता तेव्हा काय बिघडलं? रस्ते झाले, पाणी आलं, आणि चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक तरी कमी झाले.’ आमच्या सकाळच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त इंजिनिअरांचं हे वाक्य. त्याला कुणी हरकत घेतली नाही, उलट दोघांनी माना डोलावल्या. (फलक कमी झाले नव्हते, नावामागे ‘माजी’ एवढाच शब्द वाढला होता.)

हे मत एकट्या कट्ट्याचं नाही. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 रोजी. मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी करा, असं संविधानाच्या 243 यू या कलमात लिहिलेलं असताना मध्ये जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या कारभारात गेली. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागांची पुनःपुन्हा मोडतोड, शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा मे 2025 चा आदेश. एवढ्या काळात शहरातल्या मध्यमवर्गाने फारसा आरडाओरडा केला नाही. त्याला वाटत होतं, नाहीतरी हे नगरसेवक गटार-पाण्याचं रडगाणं ऐकण्यापलीकडे करतात काय?

माझं म्हणणं असं की ते रडगाणं ऐकणं हेच काम आहे, आणि वाटतं त्याहून ते अवघड आहे.

त्या निवडणुकीआधी पुण्यात एका मैत्रिणीच्या प्रचारात तीन आठवडे फिरलो. ती अपक्ष उभी होती. पत्रक हातात देण्याआधी ती दारात उभी राहून विचारायची, ‘काय अडतंय?’ आणि उत्तर वहीत लिहून घ्यायची. एका वस्तीत शेवटच्या गल्लीचं म्हणणं होतं की पाणी येतच नाही. कार्यालयातलं उत्तर होतं, पुरवठा रोज दोन तास, सुरळीत. तिथल्या पुढाऱ्यांची मागणीही ठरलेली होती: मोठी लाइन टाका. खरं काय ते एका बाईंनी सांगितलं, तेही आम्ही निघालो होतो तेव्हा, उंबऱ्यात उभं राहून. पाणी सुटलं की वरच्या गल्लीतले लोक नळाला थेट मोटर लावतात. त्यांच्या टाक्या भरेपर्यंत दीड तास जातो. मग खाली धार लागते, आणि दोन हंडे भरतात न भरतात तोच चावीवाला येऊन व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणजे कार्यालय खोटं बोलत नव्हतं आणि गल्लीही नाही. मोठी लाइन टाकली असती तर वरच्या मोटरींची सोय झाली असती, एवढंच. करायचं काम वेगळंच होतं: मोटरी काढायला लावायच्या, किंवा खालच्या टोकाला वेगळी वेळ द्यायची.

आता कुणी म्हणेल, यासाठी नगरसेवक कशाला, ॲप आहे. आहे ना. त्यात ‘पाणीपुरवठा’ हा पर्याय आहे, ‘वरच्या गल्लीची मोटर’ हा नाही. माणूस येतो, नळाला पाणी बघतो, तक्रार निकाली.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: चांगला अधिकारीही ऐकतोच की. मान्य. निवडून न येताही लोकांच्या बाजूने उभं राहिल्याचं मोठं उदाहरण पुण्याचंच आहे. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारने नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे ते एकटे. त्या एकटेपणातच माझं उत्तर आहे. बाकीच्या नेमलेल्यांना गोरगरिबांना तोंड दाखवायचं नव्हतं, नेमणाऱ्याला दाखवायचं होतं. प्रशासकाच्या काळात आयुक्त या नात्याने प्रस्ताव मांडणारा आणि स्थायी समिती, मुख्य सभा यांच्या वतीने तो मंजूर करणारा माणूस एकच होता. तो सज्जन असेलही. पण ‘हे आमच्या गल्लीत चालायचं नाही’ असं उठून म्हणणारं सभागृहात कुणी नव्हतं, कारण सभागृहच नव्हतं.

नगरसेवकाने धोरणाचं बोलावं, गटारात उतरू नये, असंही एक सुसंस्कृत मत आहे. मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं ते नळाच्या भांडणातून, आणि त्या नावाने पुढे लोकसभेत जाताना त्यांचं काही कमी झालं नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय आहेत. त्यांतला पाणीपुरवठा किंवा कचरा हा विषय धोरण आहे की गटार, हे कोण कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

आमच्या बाजूचंही एक खोटं आहे, ते लपवत नाही. ऐकणं म्हणजे ‘हो’ म्हणणं, असा समज उमेदवारच पसरवतात. हात जोडायचे, ‘करून टाकू ताई’ म्हणायचं, पुढचं दार. लोकही काय काय मागतात! एका सोसायटीला दारातला भाजीवाला हटवून हवा होता. बोलणं चालू असताना तिथलेच एक काका त्याच्याकडून मेथीची जुडी घेऊन आले. मैत्रीण म्हणाली, ‘हे मी करणार नाही, पण त्याची गाडी फाटकापासून दहा पावलं पुढे लावायला सांगते.’ त्या इमारतीतली मतं गेली असणार.

आणि ऐकायचं तरी किती जणांचं? पुण्यात 41 प्रभाग, 165 नगरसेवक. 2011 च्या जनगणनेने धरलं तरी एका प्रभागात सरासरी 80 हजारांवर माणसं, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना मिळून चार नगरसेवक. तक्रार घेऊन गेलं की ‘ते त्यांच्याकडे आहे’ म्हणायला प्रत्येकाला तिघे मोकळे. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी एकत्र बसून नगरसेवकाला विचारावं म्हणून. तुमच्या भागात ती कधी भरली, हे शेजाऱ्याला विचारून पाहा. ‘नगरसेवक नकोत’ म्हणणाऱ्या कट्ट्याने या दोन गोष्टींवर आवाज चढवला असता तर मीही मान डोलावली असती.

मैत्रीण पडली. फरक मोठा होता, सांगण्यासारखा नाही. निकालानंतर आठवड्याने ती वही घेऊन निवडून आलेल्या चौघांपैकी एकाच्या कार्यालयात गेली. त्याने बसवलं, चहा मागवला, पहिली दोन पानं नुसती उलटली. तिसऱ्यावर थांबला आणि म्हणाला, ‘ही शेवटची गल्ली म्हणजे नेमकी कुठली हो? मंदिराच्या अलीकडची की पलीकडची?’