वाघाटीचे वकीलपत्र

गेल्या श्रावणात आमच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाली. विषय मीच दिला होता : 'आधी कोणाला वाचवावे, हिरव्या मुनियेला की वाघाटीला?' सतरा मुलांपैकी सोळा मुनियेच्या बाजूने बोलली. परीक्षक असलेल्या निवृत्त मामलेदारांनी मान डोलावली. मुनिया गाते आणि वाघाटी कोंबड्या पळवते, एवढाच काय तो पुरावा! वाघाटीच्या बाजूने बोलणाऱ्या एकुलत्या एका पोराला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस मिळाले नाही. त्याचे वकीलपत्र आज मी घेतो.

(वाघाटी म्हटल्यावर काही गृहिणींना आषाढी द्वादशीची भाजी आठवेल. ही ती नव्हे.)

मुनियेशी माझे वैर नाही. पोपटी पाठ, पिवळे पोट, लालचुटूक चोच. शिवाय मूळची केवळ भारतातली. पण तिच्यावर ही पाळी आणली कोणी? वाघाटीने? छे! आणली ती आपल्या कौतुकाने. ती गोड दिसते म्हणून जाळी लागली, पिंजरे भरले. 1991 च्या सुमारास रानपाखरांचा व्यापार कायद्याने बंद झाला, तरी चोरटा बाजार उठला नाही. साध्या मुनियेला रंग फासून विकणारेही निघाले. लहानपणी आमच्या ओसरीवर अशीच एक होती. पहिल्याच आंघोळीला वाटीतले पाणी हिरवे झाले. आम्ही पोरे खदखदा हसलो. पाखरू महिनाभरात मेले. ते हसू मला अजून टोचते.

आता आरोपीकडे पाहा. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढाच तिचा मुलूख. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना. वजन जेमतेम दीड किलो. रात्री हिंडावे, उंदीर मारावेत, क्वचित पाखरूही. शेतकऱ्याने खरे तर तिला ओवाळावे! पण जुन्नरकडे ऊसतोडीत तिची पिले निघाली, की 'बिबट्या, बिबट्या' म्हणून हाकाटी होते. वनखात्याची माणसे पिले जागच्या जागी परत ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना तोंडात धरून नेते. कोणी वेळेवर पोचले तर, एवढेच. पाखराला आपण प्रेमाने मारतो, हिला नुसत्या नावाने. आणि वर त्या दोघींचेच भांडण लावून परीक्षक म्हणून खुर्चीवर बसतो. विषय देणारा मी, तेव्हा पहिला दोष माझा.

हे सारे मी मामलेदारसाहेबांना बोलून दाखवले. ते उसळून म्हणाले, ''मास्तर, कोंबडी माझी गेली होती!''

''वाघाटीने नेताना पाहिलीत?''

मांडीवरच्या आपल्या गलेलठ्ठ बोक्याला कुरवाळीत ते म्हणाले, ''मांजर होते, एवढे नक्की.''