आई, तुझ्या हॉर्मोन्सचं काय?

ऑफिसात एसीच्या रिमोटवरून जुंपते, तशी घरात पंख्यावरून. ऐन जानेवारीत बाबा गोधडीत गुरफटलेले आणि आईने पंखा पाचवर टाकलेला! आपण म्हणतो, 'आईचं काहीतरीच!' त्या 'काहीतरी'ला नाव आहे, मेनोपॉज, म्हणजे रजोनिवृत्ती. आपल्याकडे ती साधारण ४६-४७व्या वर्षी येते. तिशीतल्या दोस्तांनो, जरा हिशेब करा. तुमची आई त्यातून जातेय, नाहीतर नुकतीच गेलीये.

होतं काय, तर अंडाशयातलं इस्ट्रोजेन आटतं. त्यामुळे मेंदूतला तापमानाचा काटा हळवा होतो आणि अंगातून गरम वाफा निघतात. रात्री घाम, मग झोपेचं खोबरं, मग चिडचिड. न दिसणारं नुकसान हाडांचं. पाळी थांबल्यावरची पहिली पाच-सात वर्षं ती सगळ्यात वेगाने झिजतात. बाबांचं टेस्टोस्टेरॉनही घटतं, पण वर्षाला जेमतेम एक टक्का. त्यांचा उतार हळूहळू, आईचा एकदम.

यावर डॉक्टर सांगतात, खोली हवेशीर ठेवा, रोज भरभर चाला. आता हाच सल्ला घेऊन माहुलला जा. रिफायनरीच्या शेजारी सात मजली इमारतींची वसाहत. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर २०१७ पासून कितीतरी कुटुंबांना इथे धाडलं. इथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच म्हटलं होतं. २०१९मध्ये तर, इथे राहायला कुणावर सक्ती करू नका, पर्यायी घर नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. अशा ठिकाणी मध्यरात्री वाफांनी जागी झालेल्या बाईने खिडकी उघडायची की बंद ठेवायची? सल्ला सगळ्यांना सारखाच मिळतो, खिडकी मात्र ज्याची त्याची.

काहींना तर पन्नाशीची वाटही बघावी लागत नाही. २०१९मध्ये बीडमध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आलेला आकडा बघा. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू. ठेवली, तरी ती लवकर येऊ शकते. म्हणजे आपण प्रमोशनची स्वप्नं बघतो त्या वयात कुणाची हाडं झिजायला लागलेली असतात.

हॉर्मोनच्या गोळ्या? २००२मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला आणि जगभर घबराट पसरली. आज चित्र बरंच निवळलंय. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत सुरू केल्या, तर बऱ्याच जणींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना मात्र सहसा नकोच. हे गणित स्त्रीरोगतज्ज्ञाने सोडवायचं, केमिस्टने नव्हे. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टर गाठा.

जिमच्या वार्षिक पॅकेजवर आपण बिनधास्त कार्ड घासतो. या महिन्यात एक अपॉइंटमेंट आईच्या नावाने घ्या. आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही विचारा, 'रात्री झोप लागते का?' त्याही त्याच वयाच्या असतील, आणि त्यांना हे कुणी विचारलेलं नसेल.