'व्हिटॅमिन' या नावानेच घोटाळा केलाय

"डॉक्टर, अशक्तपणा वाटतोय, एखादं व्हिटॅमिन लिहून द्या ना." हे वाक्य मी रोज ऐकतो. या हट्टाचा दोष सगळे जाहिरातींना देतात. माझ्या मते निम्मा दोष त्या नावाचाच आहे.

हे नाव कॅसिमिर फंक या पोलिश शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लंडनमध्ये काम करताना दिलं. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो आणि कोंड्यातला कुठलासा पदार्थ तो बरा करतो, हे तेव्हा कळलेलं होतं. फंकना तो 'अमाईन' गटातला वाटला. लॅटिनमध्ये 'व्हिटा' म्हणजे जीवन. दोन्ही जोडून झालं 'व्हिटॅमाईन'. पुढे दिसलं, की असे सगळेच पदार्थ अमाईन नाहीत. 'क' जीवनसत्त्वात तर नायट्रोजनचा एक अणूसुद्धा नाही! म्हणून १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' गाळायला सुचवलं. रसायनशास्त्राची चूक एका अक्षरात मिटली. 'जीवन' मात्र तसंच राहिलं, आणि मराठीत आपण त्याला वर 'सत्त्व' जोडलं. सत्त्व म्हटलं की आपल्याला नाचणीचं सत्त्व आठवतं, खाल्लं की अंगी लागणारं.

जीवनसत्त्वं तशी नाहीत. ती इंधन नाहीत. अन्नातून ऊर्जा काढायच्या कामात त्यातली काही फक्त मदत करतात. कमी पडली तर काम अडतं. पुरेशी असताना वरून आणखी ओतली तर ताकद वाढत नाही. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक झाली की "औषध लागू पडलं" म्हणणारे भेटतात. अहो, ते तुमचे पैसे वाहून चाललेत!

'ड'चं तर शरीरात साठत जातं. आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं सॅशे कुणी रोज घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम, शेवटी मूत्रपिंडाला इजा. 'जीवन' नाव असलेल्या गोष्टीची भीती कोणाला वाटणार?

कमतरता खोटी असते असं मी म्हणत नाही. शुद्ध शाकाहारी माणसं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांना बी-१२ खरोखर कमी पडू शकतं. गरोदरपणात फॉलिक अॅसिड हवंच. पण ते मोजून, ठरावीक मुदतीसाठी. टॉनिक म्हणून नव्हे.

थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासू, झोपेबद्दल बोलू. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि सॅशे पिशवीत घालून आणा. एकच 'ड' दोन-तीन नावांनी चालू असलेलं मी अनेकदा पाहिलंय.