मोत माउलीच्या पायरीवरचा नवस

8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीची, म्हणजे मरियामातेची, जत्रा भरते, आणि दरवर्षी जत्रेवरची टीकाही नव्याने सुरू होते. टीका बाहेरून आली तर तिला उत्तर देणे सोपे असते. आता ती चर्चच्या आतून येते. बायबल मनापासून वाचणारी, तळमळीची ख्रिस्ती माणसे ती करतात, म्हणून तिचा नीट विचार व्हायला हवा.

त्यांचे म्हणणे असे. मेणाचे हात, पाय, बाळ, घर माउलीसमोर वाहणे ही अंधश्रद्धा आहे. डोंगराखालचा बाजार हा श्रद्धेचा धंदा आहे. येणाऱ्यांतले कितीतरी लोक ख्रिस्ती नाहीतच. तेव्हा आजच्या चर्चने या सगळ्यातून अंग काढून घ्यावे आणि बायबलचा अभ्यास, तरुणांचे मेळावे, ऑनलाइन प्रवचने आणि सामाजिक न्याय यांकडे वळावे.

नवसाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला, असे तुकोबांनी रोखठोक विचारले आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. मराठी ख्रिस्ती माणसाला तुकोबांचा हा घाव चुकवता येणार नाही, आणि मला तो चुकवायचाही नाही. देवाशी सौदा करणे चूकच. पण मेणाचे बाळ हातात घेऊन पायऱ्या चढणारी प्रत्येक बाई सौदाच करायला आली आहे, हे आपण कशावरून ठरवले?

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडा. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक बाई. वैद्यांच्या पायी होते नव्हते ते सगळे घालवून बसलेली. येशूच्या वस्त्राला नुसता हात लागला तरी आपण बरे होऊ, असे तिला वाटते. आजच्या टीकाकारांच्या कसोटीने ही शुद्ध अंधश्रद्धा. येशू तिला तसे म्हणत नाही. तो थांबतो, मागे वळतो आणि मला कोणी स्पर्श केला असे विचारतो. एवढी गर्दी अंगावर येत असताना हा कसला प्रश्न, असे शिष्यांना वाटते. तो मात्र तिची सगळी हकिगत ऐकून घेतो, तिला मुलगी म्हणतो आणि तिच्या श्रद्धेने तिला बरे केले असे सांगतो. भीत भीत, चोरून केलेल्या त्या स्पर्शालाच तो श्रद्धा म्हणतो. समजूत कच्ची होती, पण हात योग्य माणसाकडे गेला होता. तिची समजूत पक्की झाली ती त्या संवादात. आधी समजूत सुधार आणि मग जवळ ये, अशी अट त्याने घातली नाही.

डोंगरावरचा मेणाचा पाय मला त्या स्पर्शासारखा वाटतो. ज्याला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, ज्याच्याजवळ शब्द नाहीत, तो आपले दुखणे आकार देऊन समोर ठेवतो. घराच्या आकाराची मेणबत्ती घेणारे जोडपे अकरा महिन्यांच्या करारावर राहत असते आणि बारावा महिना कुठे काढायचा या काळजीत असते. विमानाच्या मेणबत्तीत एखाद्या मुलाची आखातातली नोकरी असते. या शहराला काय दुखते आहे हे कळायला चर्चला वेगळी पाहणी करावी लागत नाही.

बाजाराबद्दल. भाविकांना अडवून मेणबत्त्या गळ्यात मारणारे विक्रेते, वाढवलेले भाव, कचरा, यांवर बोट ठेवलेच पाहिजे आणि चर्चने त्यावर स्पष्ट बोललेही पाहिजे. पण येशूने मंदिरात चौरंग उलथले, एवढाच दाखला देऊन भागत नाही. त्याने कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठकी उलथल्या, आणि तीच कबुतरे गरिबाचे अर्पण होती. कोकरू परवडत नाही अशा घरासाठी नियमशास्त्राने पक्ष्यांच्या जोडीची सवलत ठेवली होती, आणि बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा खुद्द मरियेच्या घरातून याच सवलतीचे अर्पण झाले, असे लूक सांगतो. राग लुबाडणाऱ्यावर काढायचा, वाहणाऱ्यावर नव्हे.

हिंदू, पारशी, मुसलमान येतात म्हणून जत्रा कमी ख्रिस्ती ठरते, हा तर्क मला अजिबात पटत नाही. मोत माउली हे नावच कोळीवाड्यांच्या तोंडचे आहे. समुद्रात हरवलेली मूर्ती कोळ्याला सापडली, अशी इथली आख्यायिका. 1954 मध्ये डोंगरावरच्या या मंदिराला बॅसिलिकेचा मान मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून सगळ्या धर्मांची माणसे इथे येत आली आहेत. आणि ही धर्मांतराची जागा आहे असा संशय बाहेरचे कोणी घेत असतील, तर त्यांनी एकदा मिस्सेला उभे राहून पाहावे. ख्रिस्तप्रसाद फक्त स्नानसंस्कार झालेल्यांना मिळतो, आणि प्रौढांना स्नानसंस्कार मिळतो तो दीर्घ शिकवणीनंतर. मेणबत्ती लावायला मात्र कुणालाही काही विचारले जात नाही. मर्यादा आणि मोकळीक यांचा हा मेळ मला फार मोलाचा वाटतो.

ऑनलाइन प्रवचनांची परीक्षा तर होऊनच गेली आहे. करोनामुळे 2020 आणि 2021 च्या सप्टेंबरात राज्यातली प्रार्थनास्थळे बंद होती. मिस्सा पडद्यावर पाहिली गेली, तिने अनेकांना आधारही दिला. पण शब्दाने देह धारण केला असे मानणारा हा धर्म आहे. भाकर, पाणी, तेल, हाताचा स्पर्श यांवाचून त्याचे संस्कार होत नाहीत. पडद्याला ती जागा घेता येत नाही.

राहिला सामाजिक न्याय. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी कोठडीतच असताना वारले, ते याच वांद्र्यातल्या होली फॅमिली रुग्णालयात. त्यांच्यासाठी मिस्सा झाली ती इथल्याच सेंट पीटर्स चर्चमध्ये. त्यांचे नाव घेऊन जत्रेला कमी लेखणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, बलवंतांना आसनावरून खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे स्तोत्र शुभवर्तमानात कुणाच्या तोंडी आहे? ज्या मरियेपुढे मेणबत्त्या लागतात, तिच्याच. न्यायाची हाक आणि नवसाची हाक एकाच आईपाशी पोहोचते.

पोप सहावे पॉल यांनी 1975 मध्ये लोकभक्तीच्या मर्यादाही सांगितल्या आणि तिचे मोलही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये आणखी पुढे जाऊन, या भक्तीकडून चर्चने शिकावे असे लिहिले. म्हणजे जत्रेच्या बाजूने बोलणारा मी काही नवे बोलत नाही.

चर्चकडे माझे मागणे वेगळे आहे. येशू मागे वळला, तसे वळणे इथे कमी पडते. नोव्हेना होते, मिस्सांची रांग लागते, गर्दीची व्यवस्था चोख असते, पण मेणाचे बाळ ठेवून गेलेल्या बाईला काय झाले असे कुणी विचारत नाही. प्रायश्चित्त संस्कार कॅथलिकांसाठी आहे. बाकीच्यांचे ऐकायला जागा नाही. आणि ऐकायचे तर त्यांच्या भाषेत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी आत्मसात करून ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये छापले गेले. वांद्र्याच्या पाखाड्यांतल्या ईस्ट इंडियन घरांची मूळ बोलीही मराठीचीच, तरी इथल्या चर्चचा रोजचा व्यवहार बव्हंशी इंग्रजीत चालतो. जत्रेच्या आठ दिवसांत मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या सिस्टर, निवृत्त परिचारिका, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते मंदिराच्या आवारात सकाळपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने बसवावेत. धर्म विचारू नये, वही पुढे करू नये, प्रवचन देऊ नये. आजार असेल तर दवाखान्याचा पत्ता द्यावा, घरात मारहाण होत असेल तर वकिलाचा, आणि काहीच देण्यासारखे नसेल तर आलेल्या माणसासोबत प्रार्थना करावी. पैसा फारसा लागणार नाही, आणि वांद्र्याच्या धर्मग्रामांत अशी माणसे आजही आहेत.