फितीचा प्रतिध्वनी आणि घरचा रियाज

भुसावळवरून वाहत आलेली तापी उकाई व काकरापार मागे टाकून कामरेजला पोहोचते आणि तेथून सुरतेकडे वळते. तिच्याच वाटेने खानदेशातली पुष्कळ कुटुंबे या मुलखात आली व स्थिरावली. त्यांच्याबरोबर भजनाची आणि गाण्याची आवडही आली. तथापि कामरेजसारख्या ठिकाणी मुलीला गाणे शिकवावयाचे झाले, तर पहिली अडचण साथीची. गुरूकडे आठवड्यातून एकदा जाता येईल. पण रोजच्या रियाजाला तबलजी कोठून आणावा?

ही उणीव थोडीफार भरून काढणारे एक साधन आता संगणकावर मिळते. ध्वनिमुद्रणाच्या मुख्य कार्यक्रमास जोडावयाचा हा छोटा उपकार्यक्रम. त्यास प्लग-इन म्हणतात. तो दोन कामे करतो. गायलेला सूर थोड्या विलंबाने परत ऐकवितो आणि वाजविलेला तुकडा अखंड फिरवीत ठेवतो. दोन्ही युक्त्या मूळच्या टेपरेकॉर्डरच्या आहेत.

टेपरेकॉर्डरमध्ये एक हेड ध्वनी मुद्रित करते व त्यापुढचे दुसरे हेड तो ऐकविते. फीत सेकंदाला 19 सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांत पावणेपाच सेंटिमीटरांचे अंतर असेल, तर सूर पाव सेकंद उशिरा परत येतो. तोच पुन्हा मुद्रित होऊ दिला, तर आवृत्तीगणिक क्षीण होत जाणारी मालिका तयार होते. फितीची दोन टोके जोडली, की तुकडा फिरत राहतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत त्रितालाचे आवर्तन 8 सेकंदांचे; त्याला दीड मीटर फीत पुरे. मात्र मिनिटाला 12 मात्रांच्या अतिविलंबित एकतालास 11 मीटरांहून अधिक फीत लागे, आणि ती खोलीभर फिरवावी लागे!

असे प्रयोग आपल्या गुजरातेतही झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी राहिली. मूग सिंथेसायझर आणि टेपरेकॉर्डर ही तिची साधने. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई यांनीही तेथे रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक वर्षे पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या उजेडात आणल्या आणि 2023 साली त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या.

आता नव्या साधनाने काय अधिक दिले ते पाहू. फितीचा वेग निम्मा केला, की लयीबरोबर स्वरही एक सप्तक खाली उतरे. आता स्वर न हलविता लय कमी करता येते. विलंब सेकंदांऐवजी मात्रेच्या हिशेबात ठरविता येतो. एका तुकड्यावर दुसरा चढविता येतो आणि न आवडल्यास तेवढाच काढून टाकता येतो. गंमत अशी, की जुन्या फितीचा थरथराट व मंदावलेला आवाज हे जे दोष घालविण्यासाठी अभियंत्यांनी जन्मभर खटपट केली, तेच आता मुद्दाम घालण्याची सोय असते.

घरी याचा उपयोग करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तुकडा कापताना काटेकोर असावे. आठ सेकंदांच्या आवर्तनात दशांश सेकंद जादा राहिला, तरी प्रत्येक समेवर ठेच लागते आणि मुलाचा कान त्या ठेचेला सरावतो. दुसरी, स्वराचा अभ्यास प्रतिध्वनी बंद ठेवूनच करावा. मागून येणारा सूर पुढच्या सुरावर पडतो, कणसूर झाकला जातो आणि गाणाऱ्याला आपण गोड गात आहोत असे वाटू लागते.

याहून मोठा धोका निराळा आहे. तबलजी गायकाकडे पाहतो, त्याला सावरतो, प्रसंगी जागे करतो. फिरता तुकडा कोणाचे ऐकत नाही. त्याच्या आधाराने वर्षभर गाणारे मूल ताल यंत्रावर सोपवून मोकळे होते, आणि गणेशोत्सवात प्रत्यक्ष साथीला बसले की गडबडते.

यावर उपाय त्याच यंत्रात आहे. तुकडा चालू ठेवून त्याचा आवाज मात्र बंद करता येतो. मुलाने ठेक्याबरोबर दोन आवर्तने गावी. मग आवाज बंद करून हाताने टाळी-खाली दाखवीत आणखी दोन गावी. त्यानंतर आवाज पुन्हा सुरू करावा. सम जुळली, तर ताल अंगी उतरू लागला असे समजावे. जुळली नाही, तर लय थोडी उतरवून पुन्हा आरंभ करावा. जुळू लागल्यावर शांततेची दोन आवर्तने चार करावीत, चाराची आठ. रोज दहा मिनिटे एवढे केले, तरी पुरे आहे.