एक्सप्लेनर : घरातली जुनी ‘पद्मिनी’ पुन्हा रस्त्यावर यायला इतकी वर्षे का लागतात?

मुंबईची शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. शहरात टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ही काळी-पिवळी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. मात्र खासगी ‘पद्मिनी’ आजही कुठे वाड्याच्या अंगणात, तर कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. ‘आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची’ म्हणून काम काढले जाते आणि सहा महिन्यांचा अंदाज सहा वर्षांवर जातो. असे का होते? आणि कायदा या खटाटोपाला कितपत साथ देतो?

ही गाडी आली कुठून?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या ‘फियाट ११००’ गाड्या बनू लागल्या. ‘११०० डिलाइट’ हे मॉडेल पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि स्टीअरिंगखाली गिअरचा दांडा ही तिची ओळख.

सर्वाधिक वेळ कशात जातो?

इंजिनात नव्हे, पत्र्यात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दरवाजाखालची पट्टी आणि बाजूचा पत्रा मिळूनच सांगाडा तयार होतो. पावसाचे पाणी मॅटखाली साचते आणि गंज आतून पसरतो. सडलेला भाग कापून, नवा पत्रा हाताने ठोकून, दरवाजे नीट बसतात का हे पाहत वेल्डिंग करावे लागते. घाईत पुट्टी भरून रंग मारला, तर काही पावसाळ्यांतच फोड येतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. त्यामुळे आधी पत्रा, मग इंजिन, ब्रेक आणि वायरिंग, आणि रंग व सीट शेवटी, हा क्रम पाळावा.

सुटे भाग मिळतात का?

इंजिन साधे आहे. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर. संगणकाचा पत्ताच नाही. पण टॅक्सी गेल्या तसा पार्टसचा मोठा ग्राहकही गेला. ग्रिल, बीडिंग, दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डचे भाग यांसाठी जुन्या बाजारात खेटे घालावे लागतात. एका बीडिंगसाठी रंगकाम महिनोन्‌महिने अडून राहते. हाताने पत्रा घडवणारे कारागीरही थकत चालले आहेत.

कागदपत्रांचे काय?

इथेच अनेकांचे घोडे अडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे ‘व्हिंटेज’ नियम आणले. त्यात ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की, बॉडी, चेसिस, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे ‘मायलेज’साठी डिझेल इंजिन बसवलेली गाडी यात अडचणीत येऊ शकते. शिवाय ही गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते.

मग अडचण कुठे आहे?

१५ आणि ५० यांच्या मधल्या ३५ वर्षांत. १९९० मध्ये घेतलेली ‘पद्मिनी’ व्हिंटेज ठरायला २०४० उजाडेल. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ती फक्त जुनी गाडी. महिन्यातून एखाद्या रविवारी निघणाऱ्या गाडीलाही रोज धावणाऱ्या जुन्या गाडीचेच नियम लागू होतात. अनेक मालक कंटाळून नूतनीकरण सोडतात आणि मग भंगारवाल्याला फोन जातो.

जुन्या गाड्यांचा धूर हा खरा प्रश्न आहे. या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही आणि सुरक्षेच्या आजच्या कसोटीवर ती टिकणार नाही. तिला रोज ऑफिसला नेण्याची मुभा कोणी मागू नये. पण वर्षाला ठरावीक किलोमीटर, दरवर्षी धूर आणि ब्रेकची तपासणी, अशा अटींवर ३० वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी मधला वर्ग सरकारने जरूर करावा. राजेरजवाड्यांच्या गाड्या व्हिंटेज म्हणून जपल्या जातात. मध्यमवर्गाने हप्ते भरून घेतलेली पहिली गाडीही तितकीच जपण्याजोगी आहे.

काम काढण्यापूर्वी एवढे करा

आरसी बुक शोधा आणि मुदत तपासा. चेसिस व इंजिनचे नंबर कागदांशी जुळवा. पत्रा कापताना चेसिस नंबरच्या जागेला हात लावू देऊ नका. मेकॅनिककडे जाण्याआधी आरटीओत चौकशी करा. गंजलेला पत्रा बदलता येतो. मुदत संपलेल्या कागदांपायी तयार गाडी मात्र पुन्हा ताडपत्रीखाली जाते.