लग्न दारात की लॉन्सवर?



ऊस विकास अधिकाऱ्याने लग्नकार्यावर लिहावे हे काहींना खटकेल. 'साहेब, तुम्ही लागणीचं बोला, पोरीचं लग्न कुठं करायचं ते आमचं आम्ही बघू,' असे कोणी म्हटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु गट कार्यालयात लागणीच्या नोंदी घेताना जे नजरेस येते, त्यावरून हा विषय उसाच्या फडापासून फार लांबचा नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त निघतात आणि त्याच सुमारास कारखान्याचे धुराडेही पेटलेले असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळावयास हवेत. ते खात्यावर जमा होतात, सोसायटीची वसुली कापली जाते आणि उरेल त्यावर पुढच्या सुरू लागणीची नांगरट, बेणे व खते अवलंबून असतात. मे महिन्यातल्या तारखेसाठी लॉन्सवाला आगाऊ रक्कम मागतो तीही नेमकी याच वेळी. तारीख जाईल या धास्तीने माणूस भरून मोकळा होतो. बेण्याचे मग 'बघू पुढच्या पंधरवड्यात.' सुरू लागणीची योग्य वेळ १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. ती टळली की उन्हाचा तडाखा कोवळ्या फुटव्यांवर बसतो. पुढे लॉन्सची उरलेली रक्कम भरायची पाळी येते मे मध्ये, आणि सुरूची मोठी बांधणीही मे-जूनमध्येच असते. त्या वेळी नत्राचा ४० टक्के हप्ता द्यावयाचा असतो, म्हणजे एकरी युरियाच्या सुमारे २ गोण्या. दोन गोण्यांची किंमत ती काय! पण मांडवात अडकलेल्या माणसाकडून त्याच नेमक्या राहतात.

थोडा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ. आर. पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा, हातात टनाला २,७०० रुपये पडले. आणि समजा, दारातल्या लग्नापेक्षा लॉन्सवर, भाडे, सजावट व ताटाचा दर धरून, ३ लाख रुपये जादा गेले. म्हणजे १११ टन ऊस झाला. एकरी ४० टन पिकविणाऱ्याचा पावणेतीन एकराचा फड एका दुपारसाठी तुटला. आणि तो पिकवायला आलेला खर्च वेगळाच. आपापले आकडे घालून प्रत्येकाने हे गणित घरी करून पाहावे. कागदावर करावे, तोंडी नको.

शेतकरी लग्नापायीच कर्जात बुडतो, असे मात्र मी म्हणणार नाही. १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर सरकारने नेमलेल्या आयोगानेसुद्धा लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, अशीच नोंद केली होती. दर, पाऊस आणि व्याज ही कर्जाची मोठी कारणे आहेत. पण ती आपल्या हातात नाहीत. लग्नाची जागा हातात आहे.

लोक लॉन्सकडे का वळले, हेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी लग्न म्हणजे भावकीचे काम होते. पंगत वाढायला वाड्यातली पोरे असायची. आज ती पुण्याला नोकरीवर, आणि आली तरी सकाळी येऊन संध्याकाळी परत. घरच्या बायकांचे तर पंधरा-पंधरा दिवस चुलीपुढे जात. आमच्याच घरातील मंडळी म्हणतात, 'दारातल्या लग्नाचं कौतुक पुरुषांनीच करावं!' हे खरे आहे. पाहुण्या बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय, वळवाचा पाऊस, गाड्या लावायची जागा, या अडचणी काही खोट्या नाहीत.

पण त्यावर लॉन्स हा एकच इलाज नव्हे. स्वयंपाकाचा ठेका देता येतो. आचारी आपल्या दारातही येतो. मे मध्ये शाळेला सुटी असते, रीतसर परवानगी काढली तर मैदान मिळते. कित्येक गावांत देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर मोठे आहे. मंडपवाला गावातलाच असला तर थोडे पुढेमागे सांभाळून घेतो, लॉन्सवाला घेत नाही. आणि कायद्याचे म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधी सांगितले आहेत, जागा सांगितलेली नाही.

खरी अडचण वेगळीच असते. 'आमची माणसं मोठी आहेत, कार्य लॉन्सवरच करून द्या,' असा निरोप मुलाकडून येतो आणि मुलीचा बाप मान खाली घालतो. खर्च एकाने करायचा आणि जागा दुसऱ्याने ठरवायची! हुंडा घेत नाही म्हणून मिरवणाऱ्यांनीही हा विचार करावा. मला तरी ही मागणी हुंड्याची सख्खी बहीण वाटते. बैठकीतच, सुपारी फुटण्यापूर्वी, जागेचा विषय उघडपणे काढावा, आणि तो मुलाच्या बापाने काढावा. त्यात त्याचाच मोठेपणा आहे. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण दर साली मुलाचे बाप म्हणून त्या बैठकीत बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

इतके करूनही लॉन्सच ठरले, तर निदान हंगामात दोन गोष्टी पाहाव्यात. लॉन्सला स्वतःचे वाहनतळ आहे का? ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या लागल्या की दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर निघायचा कसा? तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा म्हणून आपण धडपडतो आणि तो वरातीमागे उभा राहून वाळतो. रात्रीच्या वेळी तर जिवाशीच गाठ. दुसरे म्हणजे फटाके. भोवती पाचटाने भरलेला पक्का ऊस उभा असतो. एक ठिणगी पडली की फड गेला, आणि जळिताच्या उसाला कपात बसते ती ज्याचा लग्नाशी काही संबंध नाही त्याला. वस्तीवरचे लग्न असेल तर हा धोका जास्तच. तेथे फटाके अजिबात आणू नयेत.

हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी तारीख व जागा गट कार्यालयात किंवा आपल्या चिटबॉयकडे महिनाभर आधी कळवावी. तोडणीचा कार्यक्रम आठ दिवस मागेपुढे करणे आम्हाला जमते. हळदीच्या दिवशी दारात आलेली टोळी परत पाठविणे मात्र कोणालाच परवडत नाही.

— ऊस विकास अधिकारी